चिंध्यांपासून गोधडीचे ब्लॉक: कापड धुण्यापासून कोपरे जुळेपर्यंत

माझ्याकडे गोधडी शिकायला येणाऱ्या दहातल्या आठ जणी पहिल्या आठवड्यात एकच तक्रार घेऊन येतात, की ताई नऊ तुकडे अगदी टेपने मोजून कापले, शिवले पण नीट, तरी ब्लॉक, म्हणजे ते तुकडे जोडून झालेला मोठा चौकोन, एका बाजूला साडेबारा आणि दुसऱ्या बाजूला बारा कसा काय भरतो, आणि मधले कोपरे एकमेकांसमोर का येत नाहीत. चूक शिवताना झाली असं त्यांना वाटतं. बहुतेक वेळा ती त्याच्या आधीच झालेली असते, कापड न धुता कापलेलं असतं, नाहीतर मशीनवर पाव इंच नक्की कुठे येतो हे कधी तपासलेलंच नसतं, नाहीतर इस्त्री कपड्याला करतो तशी ओढून फिरवलेली असते. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितेय आणि क्रम बदलू नका ही मनापासून विनंती.

यात दोन ब्लॉक आहेत. एक नऊ घरांचा आणि एक भिरभिरं. दोन्ही गोधडीत जोडून झाले की बारा बारा इंचाचे, त्याआधी चारही कडांना शिवणीसाठी सोडलेल्या पाव इंचासकट साडेबारा. आधी नऊ घरांचा चांगला जमू द्या, भिरभिऱ्याला हात नंतर.

१. हिशेब आधी, कात्री नंतर

सिंगल बेडच्या गोधडीला ५ आडवे आणि ७ उभे असे ३५ ब्लॉक लागतात, म्हणजे ६० बाय ८४ इंच. एक सोडून एक मांडले तर नऊ घरांचे १८ आणि भिरभिऱ्याचे १७, आणि चारही कोपऱ्यांत नऊ घरांचाच ब्लॉक येतो.

नऊ घरांच्या एका ब्लॉकला साडेचार इंचाचे ५ गडद आणि ४ फिके चौकोन लागतात, १८ ब्लॉकना ९० गडद आणि ७२ फिके. भिरभिऱ्याला सात इंचाचे २ गडद २ फिके, म्हणजे १७ ब्लॉकना ३४ आणि ३४.

हा आकडा कागदावर लिहून भिंतीला लावा. मी असं सांगते कारण चिंध्यांच्या गाठोड्यात गडद कापड नेहमी जास्त निघतं, आणि फिकं संपलं की मग बायका घाईघाईत नवीन कोरं मांजरपाट आणून न धुता मधे घालतात, आणि ते पहिल्याच धुण्यात आटतं.

२. कुठलं कापड घ्यायचं, कुठलं बाजूला ठेवायचं

सगळं सुती घ्या. सुतीत टेरीकॉट किंवा सिंथेटिक साडीचा तुकडा मिसळला तर सुती आटतं, ते आटत नाही, आणि सुतीच्या गरम इस्त्रीखाली ते आकसतं किंवा चिकटतं. शंका असली तर कापडाचे चारपाच धागे ओढून चिमट्यात धरा आणि सिंकजवळ काडी लावून बघा. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि बोटात चुरडली की मऊ राख होते. सिंथेटिक असेल तर वितळून टोकाला कडक मणी तयार होतो. पोरं आजूबाजूला असताना हे करू नका.

जुनी नऊवारी किंवा पातळ असेल तर आधी उजेडासमोर धरा. निऱ्यांचा भाग, बसायचा भाग आणि खालची कड इथं कापड जाळीसारखं विरलेलं दिसतं. मग दोन्ही अंगठ्यांनी धरून हलकं ओढा. चर्र असा बारीक आवाज आला किंवा धागे सरकले तर ते वरच्या ब्लॉकला घेऊ नका. फेकूही नका, आतल्या थराला ते छान चालतं.

काठ वेगळा कापून ठेवा. काठ जाड असतो, अंगाचं कापड पातळ, आणि एकाच चौकोनात अर्धा काठ अर्धं अंग आलं की मशीनचे दाते एक बाजू भराभर ओढतात आणि दुसरी मागे राहते. गोधडीच्या कडेला लावायला काठासारखं दुसरं काही नाही.

नवऱ्याचे किंवा सासऱ्यांचे जुने शर्ट असतील तर पाठीचा भाग सगळ्यात मोठा आणि कमी झिजलेला मिळतो. कॉलर, बटणपट्टी, खिसा काढून टाका. शिलाया उसवत बसू नका, सरळ शिलाईच्या आतून कापा, उसवलेल्या जागी भोकांची रेघ राहते आणि तिथंच पुढे फाटतं.

टेलरकडून आणलेलं ब्लाउजचं कातरण चालतं, पण त्यातले बरेच तुकडे तिरके कापलेले असतात. त्याचं काय करायचं ते चौथ्या टप्प्यात.

३. धुणं, रंगाची परीक्षा आणि खळ

हा टप्पा टाळायचा मोह सगळ्यांना होतो. टाळू नका.

रंग आधी तपासा. तुकडा ओला करा, पांढऱ्या रुमालावर ठेवा, वरून गरम इस्त्री दाबा. रुमालावर डाग आला तर तो तुकडा तीनचार वेळा वेगळा धुऊन परत तपासा आणि तरी रंग सुटत असेल तर सोडून द्या. मीठ टाकलं की रंग पक्का होतो असं सर्रास सांगतात, त्यावर विसंबू नका. लाल, मरून आणि गडद निळ्याला ही परीक्षा नक्की घ्या. मी एकदा माझ्या आईच्या पांढऱ्या निळ्या पातळाचे चौकोन एका मरून ब्लाउजपीसबरोबर शिवले, तपासलं नव्हतं, आणि पहिल्या धुण्यात आईच्या पातळाचा पांढरा भाग गुलाबी झाला. ते पातळ परत मिळणार नव्हतं. तेव्हापासून एकही लाल चिंधी रुमालाशिवाय गाठोड्यात जात नाही.

छोटे तुकडे मशीनमधे मोकळे टाकले तर दशा निघून सगळ्याचा एक गुंता होतो. त्यांचे कोपरे कात्रीने जरासे छाटा आणि उशीच्या जुन्या अभ्र्यात घालून तोंड बांधून धुवा. नवीन कापड असेल तर कोमट पाण्यात, म्हणजे जे आटायचं ते आत्ताच आटेल. वाळवायचं सावलीत.

जुनं सुती कापड धुतल्यावर इतकं लुळं होतं की पट्टी ठेवली तरी खालून सरकतं. त्याला हलकी खळ द्या. लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा साबुदाणा, पारदर्शक होईपर्यंत उकळायचा, गाळायचं, कापड बुडवून पिळायचं, वाळत आलं की किंचित ओलं असतानाच इस्त्री. कापड कागदासारखं खडखडीत नको, हातात धरलं तर कड उभी राहते एवढंच हवं.

*सावधान:* खळ दिलेले तुकडे महिनोन्महिने ठेवू नका, खास करून पावसाळ्यात. खळीला कसर आणि झुरळं लागतात. जेवढं पंधरा दिवसांत शिवाल तेवढ्यालाच खळ द्या.

४. कापडाचा उभा आडवा धागा ओळखणं

तुकडा तिन्ही दिशांनी ओढून बघा. काठाला समांतर असलेला उभा धागा जवळजवळ हलत नाही. आडवा थोडासा देतो. तिरकं ओढलं की रबरासारखं ताणतं. चौकोनाच्या चारही कडा उभ्या आडव्या धाग्यावरच आल्या पाहिजेत. टेलरच्या तिरक्या कातरणीत चौकोन तुकड्याच्या कडेला समांतर न मांडता धाग्याला समांतर मांडा. बरंच कापड वाया जाईल. जाऊ दे. तिरक्या कडेचा एक चौकोन सगळा ब्लॉक ओढून घेतो आणि तुम्ही मग तासभर शिलाईत चूक शोधत बसता.

छोट्या तुकड्यात धागा दिसत नसेल तर कडेचा एक धागा सुईने उचलून पूर्ण ओढून काढा, जी बारीक रेघ उमटते तीच तुमची सरळ रेषा.

५. साचा आणि कापणं

पुठ्ठ्याचा साचा पहिल्या पंचवीस तीस तुकड्यांपर्यंत ठीक असतो, पुढे पेन्सिल घासून घासून त्याची कड झिजते आणि चौकोन हळूहळू लहान होत जातो. घरात जुना एक्स-रे असेल तर त्याचा साचा करा, आरपार दिसतो, झिजत नाही, आणि कापडावरचं फूल बरोबर मधे आलंय का तेही कळतं. तीन साचे लागतील: साडेचार इंच, सात इंच आणि साडेसहा इंच. साडेसहाच्या साच्यावर मार्करने एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत रेघ मारून ठेवा, ती भिरभिऱ्याला लागणार आहे.

खूण उलट बाजूने, टोकदार पेन्सिलीने. टेलरच्या खडूची रेघ चांगली सूतभर जाड पडते. एक इंच म्हणजे आठ सूत हे लक्षात ठेवा कारण पुढचा सगळा हिशेब सुतातच आहे. कात्रीने एका वेळी दोनच थर कापा. चार थर धरले की खालचा थर सरकतो आणि वरचा बरोबर, खालचा बुटका.

*सावधान:* कापलेला चौकोन ठेवून त्यावरून पुढचा कापू नका. सगळे तुकडे एकाच साच्यावरून. नाहीतर पाचव्या सहाव्या तुकड्याला आकार बदललेला असतो.

*तपासा:* दहा चौकोन एकावर एक रचून कडेने बोट फिरवा. एखादा बाहेर डोकावला तर तो आत्ताच काढा.

६. पाव इंच, म्हणजे दोन सूत

सगळी मदार इथे आहे. कडेपासून शिलाईपर्यंत बरोबर दोन सूत मार्जिन हवी. समजा तुमची मार्जिन अर्धा सूत जास्त जाते. दोन्ही तुकड्यांचं मिळून एका शिवणीत एक सूत गेलं, एका ओळीत दोन शिवणी म्हणजे पाव इंच गेला, आणि पाच ब्लॉक शेजारी लावले की सव्वा इंचाचा फरक. अर्धा सूत डोळ्याला दिसतसुद्धा नाही.

मशीनचा फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, पाव इंचाचा असेलच असं समजू नका. टेप फूटखाली सरळ ठेवा, हाताने चाक फिरवून सुई बरोबर दोन सुतांच्या रेघेवर उतरवा, फूट खाली करा, आणि टेपचं टोक जिथं उजवीकडे संपतं तिथं प्लेटवर चिकटपट्टीचे चारपाच थर लावा, म्हणजे कापडाला टेकायला छोटी भिंतच मिळते.

मग चाचणी. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी शिवा, इस्त्री करा आणि मोजा. मधली पट्टी बरोबर एक इंच आणि एकूण रुंदी साडेतीन इंच भरली तरच पुढे जा. कमी भरली तर मार्जिन जास्त जातेय, चिकटपट्टी केसभर डावीकडे सरकवा. हे दोनतीनदा करावं लागतं, मला अजूनही मशीन हलवलं की परत करावं लागतं.

सुई नवीन, साधारण चौदा नंबर, फार तलम कापडाला अकरा. दोरा सुती, फिका राखाडी रंग सगळ्यांत मिसळतो. इंचाला दहा ते बारा टाके.

७. नऊ घरांचा ब्लॉक: मांडणी

गडद कुठलं, फिकं कुठलं हे रंगावरून ठरवू नका. तांबडा आणि हिरवा दोन्ही दिसायला वेगळे पण सारखेच गडद असू शकतात आणि मग नक्षी उठतच नाही. तुकडे मांडून मोबाईलवर फोटो काढा आणि ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. काळपट एका ढिगात, पांढुरके दुसऱ्या, आणि मधले घोळात घालणारे सरळ तिसऱ्या ढिगात ठेवून द्या.

पलंगावर मांडा. चार कोपरे आणि मधलं घर गडद, बाकीची चार फिकी. पंखा बंद करा. फोटो काढा, आणि प्रत्येक ओळीच्या पहिल्या तुकड्याला टाचणीने १, २, ३ अशी चिठ्ठी लावा, कारण पलंगापासून मशीनपर्यंत जाताना तुकडे फिरतातच.

८. नऊ घरांचा ब्लॉक: शिवण

१) सुरुवातीला एका फालतू चिंधीवर टीप मारून मग लगेच ब्लॉकचे तुकडे आत सरकवा. असं केलं नाही तर मशीन पहिल्या तुकड्याचा कोपरा सुईच्या भोकात खेचून चावतं.

२) तिन्ही ओळींतले पहिला आणि दुसरा तुकडा सुलटवर सुलट ठेवून एकामागोमाग एक शिवा, मधे दोरा तोडू नका, पताकेसारखी माळ होऊ द्या. मग दोरे तोडून प्रत्येक ओळीला तिसरा तुकडा.

३) आता इस्त्री. आधी शिवण बंद असतानाच तिच्यावर इस्त्री दाबा, टाके कापडात बसतात. मग उघडून मार्जिन गडद तुकड्याकडे वळवा. इस्त्री उचलायची, ठेवायची, परत उचलायची. घासायची नाही. घासली की कडा तिरक्या ताणल्या जातात आणि चौकोनाचा पतंग होतो.

मार्जिन नेहमी गडदकडेच वळवली तर पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत ती बाहेरच्या बाजूला जाते, मधल्या ओळीत आत. म्हणून ओळी एकमेकींवर ठेवल्या की दोन शिवणी समोरासमोर येऊन खाचेत बसतात. डोळे मिटून बोटाने चाचपा, खाच लागली तर कळतंच, लहानसा टक्कन थांबल्यासारखा स्पर्श होतो. मला या कामातला सगळ्यात आवडता क्षण तो आहे.

४) खाच लागली की शिवणीच्या दोन्ही बाजूंना एकेक टाचणी. टाचणीवरून सुई नेऊ नका, जवळ आली की काढा, सुई मोडून डोळ्यात उडते. पहिल्या दोन ओळी जोडा, इस्त्री, मग तिसरी ओळ, इस्त्री.

*तपासा:* चारही बाजू साडेबारा इंच. दोन्ही कर्ण सारखे, साधारण १७ इंच साडेपाच सूत. एक सूत इकडेतिकडे असेल तर चालेल, जोडताना सामावतं. त्याहून जास्त असेल तर उसवा.

*सावधान:* मोठा झालेला ब्लॉक कडेने कापून साडेबारा करू नका. बाहेरची घरं मधल्या घरापेक्षा लहान होतात आणि गोधडीवर ते लगेच दिसतं. मार्जिन कमी गेली आहे हे मान्य करा, उसवा, परत शिवा.

९. भिरभिरं

यात त्रिकोण आहेत, आणि त्रिकोणाची लांब बाजू तिरक्या धाग्यावर येते, म्हणून त्रिकोण आधी कापून मग शिवले की ते लांबतातच. आधी शिवायचं, मग कापायचं.

सात इंचाचा फिका आणि सात इंचाचा गडद चौकोन सुलटवर सुलट. फिक्याच्या उलट बाजूवर एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात पेन्सिलीची रेघ. रेघेच्या दोन्ही बाजूंनी दोन दोन सुतांवर टीप मारा. आता रेघेवर कापा. दोन चौकोन मिळतात, अर्धे गडद अर्धे फिके. असं दोनदा केलं की चार. मार्जिन गडदकडे वळवून दाबून इस्त्री.

हे चौकोन साडेसहापेक्षा साधारण सूतभर मोठे निघतात, ते मुद्दाम. एक्स-रेच्या साच्यावरची तिरकी रेघ बरोबर शिवणीवर ठेवा आणि कडेने जास्तीचं कापा. हा ब्लॉक मात्र कापूनच मापात आणायचा असतो.

चार चौकोन असे मांडा की गडद पाती एकाच दिशेने फिरतील. इथे नव्वद टक्के लोक एक तरी पातं उलटं लावतात. शिवायच्या आधी फोटो काढा आणि फोटोत बघा, समोर बघून जे दिसत नाही ते फोटोत दिसतं. वरचे दोन जोडा, खालचे दोन जोडा, मार्जिन परत गडदकडे, मग दोन्ही ओळी खाचेत बसवून एकत्र.

बरोबर मध्यावर आता इतके थर जमतात की गाठ झाल्यासारखं लागतं. शेवटच्या शिवणीला ओलांडून गेलेले उभ्या शिवणीचे मार्जिनमधले दोनतीन टाके दोन्ही बाजूंनी उसवा, फक्त मार्जिनमधले. मग मागची मार्जिन चारही बाजूंना भिरभिऱ्यासारखीच एका दिशेने झोपवता येते आणि मध्यावर छोटा चौकोन उघडतो. दाबून इस्त्री करा, गाठ गेली.

*तपासा:* ब्लॉक साडेबारा इंच, आणि चारही तिरक्या शिवणी ब्लॉकच्या कोपऱ्यांत बरोबर टोकाला निघतात. शिवण कोपऱ्याच्या बाजूला सरकली असेल तर जोडताना पात्याचं टोक कोपऱ्यात जुळणार नाही.

१०. ब्लॉक एकमेकांना जोडणं

दोन्ही ब्लॉक एक सोडून एक लावण्याचा एक मोठा फायदा आहे. नऊ घरांच्या शिवणी तिसऱ्या हिश्शावर येतात आणि भिरभिऱ्याची मध्यावर, त्यामुळे शेजारच्या ब्लॉकशी मधल्या शिवणी जुळवाव्या लागतच नाहीत, फक्त चार कोपरे जुळवायचे. नवीन शिकणाऱ्यांनी म्हणून हीच मांडणी घ्यावी असं माझं मत आहे.

पाच ब्लॉकची एक आडवी ओळ, अशा सात. पहिल्या ओळीची मार्जिन डावीकडे, दुसरीची उजवीकडे, असं आलटून पालटून. मग ओळी जोडताना कोपऱ्यात तीच खाच सापडते. टाचण्या आधी दोन टोकांना, मग कोपऱ्यांना, मग मधे. एक ब्लॉक सूतभर मोठा असेल तर तो खालच्या बाजूला ठेवून शिवा, मशीनचे दाते ते जास्तीचं आत खेचून घेतात आणि चुण्या पडत नाहीत.

जोडून झालं की मागच्या बाजूचे लोंबणारे दोरे छाटा. फिक्या कापडाखाली गडद दोरा राहिला तर तो वरून केसासारखा दिसतो आणि थर लावल्यावर काढता येत नाही.

मग अस्तर चारही बाजूंनी चार चार इंच मोठं जमिनीवर पसरा, त्यावर विरलेल्या साड्यांचे दोन थर, त्यावर हे ब्लॉक. कोपऱ्यांवर जड काहीतरी ठेवा, वरवंटा, पाटा, जे असेल ते. मध्यापासून बाहेर जात वीतभर अंतरावर कच्चे टाके घालून घ्या आणि मग धावदोरा. जुन्या गोधडीत धावदोरा कडेपासून आत फिरत जातो, पण जोडकामाच्या वरच्या थराला कच्चे टाके पुरेसे नसतील तर तसं करताना सगळा झोल मध्यावर गोळा होतो, त्यामुळे कच्च्या टाक्यांत कंजुषी नको. कच्चे टाके धावदोरा पूर्ण होईपर्यंत काढायचे नाहीत.

गोधडी पूर्ण झाली की पहिलं धुणं एकटीचं, गार पाण्यात, खळ पूर्ण निघेपर्यंत. ओली गोधडी एका दोरीवर लोंबकळत टाकू नका, पाण्याच्या वजनाने शिवणी ताणतात, दोन दोऱ्यांवर किंवा गच्चीत चादरीवर आडवी पसरा, सावलीत.